‘वर्णद्वेष’ या शब्दापाशी थांबू नका : इतिहास शिकवणाऱ्यांना खुलं पत्र

माध्यमिक शाळांत इतिहास शिकवणाऱ्या बंधु-भगिनींनो,

सप्रेम नमस्कार.

मी एकतीस वर्षं कोकणातल्या एका तालुक्याच्या गावी इतिहास शिकवला. निवृत्त होऊनही आता बरीच वर्षं झाली. हे पत्र लिहायला बसले आहे ते एका मुलीच्या प्रश्नामुळे.

१९९४ चा पावसाळा होता. मंडेला मे महिन्यात राष्ट्राध्यक्ष झाले होते आणि वर्तमानपत्रं त्यांच्या फोटोंनी भरलेली होती, म्हणून मी नववीच्या वर्गात धडा बाजूला ठेवून दक्षिण आफ्रिकेवर बोलत होते. गोऱ्यांचं राज्य, काळ्यांवर अन्याय, वेगळे डबे, वेगळे बाक, मंडेलांचा २७ वर्षांचा तुरुंगवास. तिसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. “बाई, पण त्यांना कळायचं कसं, कोण काळा नि कोण गोरा ते?” वर्ग हसला. मी म्हटलं, “रंगावरून, दुसरं काय!” ती खाली बसली नाही. “आमच्या आजोबांचे चुलते केपला होते. ते तर गोरेपान, घाऱ्या डोळ्यांचे. तरी त्यांचं घर घेतलं.” घंटा व्हायला आली होती. मी तिला बसायला सांगितलं आणि पुढे गेले.

‘केपला होते’ म्हणजे काय, हे कोकणाबाहेरच्या शिक्षकांसाठी सांगते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून रत्नागिरी आणि तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातल्या कोकणी मुसलमान घरांतले पुरुष आगबोटीनं केप टाउनला जात. किराणा मालाची दुकानं, हातगाडीवरचा फळांचा धंदा, दुधाचा रतीब अशी कामं करून घरी पैसे पाठवत. काही परत आले, काहींनी तिथंच संसार थाटले. त्यांच्यातले बरेच जण ‘डिस्ट्रिक्ट सिक्स’ नावाच्या वस्तीत आणि तिच्या आसपास राहत होते. या वस्तीचं नाव मी तोवर ऐकलंही नव्हतं. माझ्या विद्यार्थिनीच्या घरी मात्र ते तीन पिढ्या माहीत होतं.

तिच्या प्रश्नाचं उत्तर शोधायला मला पुढची कितीतरी वर्षं लागली. ते हाती आल्यावर कळलं की मी इतकी वर्षं मुलांना अर्धवट इतिहास शिकवत होते.

आपण मराठीत त्या राजवटीला ‘वर्णद्वेषी राजवट’ म्हणतो. ‘द्वेष’ म्हटलं की मुलांसमोर दातओठ खाणारा माणूस उभा राहतो. तिथली गोरी माणसं दुष्ट होती, मग मंडेला आले, माणसं सुधारली, एवढंच त्यांच्या लक्षात राहतं. द्वेष होताच, तो मी नाकारत नाही. पण त्या राज्यकर्त्यांनी स्वतः निवडलेला शब्द होता ‘अपार्थाइड’, आणि त्यांच्या आफ्रिकान्स भाषेत त्याचा साधा अर्थ ‘वेगळेपण’. तो कारभाराचा शब्द आहे. हे वेगळेपण चालवायला कायदे लागले, नोंदवह्या लागल्या, नकाशे, निरीक्षक, मूल्यांकन अधिकारी, अंदाजपत्रकातल्या तरतुदी लागल्या. सकाळी डबा घेऊन कचेरीत जाणाऱ्या आणि संध्याकाळी घरी परतणाऱ्या हजारो नोकरदार माणसांनी ते रोज चालवलं. माझी तुम्हाला विनंती एवढीच आहे की मुलांना ही कचेरी दाखवा.

आता तो प्रश्न. कळायचं कसं?

१९४८ च्या निवडणुकीत मलान यांचा नॅशनल पक्ष सत्तेवर आला. एकूण मतं विरोधकांना जास्त होती, जागा यांना जास्त मिळाल्या. दोन वर्षांत, १९५० मध्ये, त्यांनी लोकसंख्या नोंदणी कायदा केला. देशातल्या प्रत्येक माणसाची नोंद गोरा, मिश्रवर्णी किंवा ‘नेटिव्ह’ (म्हणजे काळा आफ्रिकन) यांपैकी एका रकान्यात झाली पाहिजे, असा तो कायदा. गोरा कोण? जो दिसायला उघड गोरा आहे, किंवा ज्याला लोक सर्वसाधारणपणे गोरा मानतात तो. पण दिसायला गोरा असूनही लोक ज्याला मिश्रवर्णी मानतात, तो गोरा नाही. ही व्याख्या वर्गात मोठ्यानं वाचून दाखवा आणि मुलांना म्हणा, हिच्या आधारे आपल्या वर्गाची विभागणी करा. जमणार नाही. अधिकाऱ्यांनाही जमत नव्हतं. म्हणून ते शेजाऱ्यांना विचारत, हा कुणाकडे जेवायला जातो, मुलं कुठल्या शाळेत आहेत. केसांत पेन्सिल खोचून बघत. ती घसरून पडली तर एक वर्ण, अडकून राहिली तर दुसरा. निकाल पटला नाही तर अपिलासाठी मंडळ होतं. एकाच आईच्या पोटची भावंडं दोन रकान्यांत पडली.

१९५९ मध्ये ‘मिश्रवर्णी’ या रकान्याचे आणखी सात पोटभाग पाडले गेले. केप मिश्रवर्णी, मलाय, ग्रिक्वा, चिनी, भारतीय, इतर आशियाई आणि शेवटी ‘इतर मिश्रवर्णी’. माझ्या विद्यार्थिनीच्या आजोबांचे चुलते यांतल्या ‘भारतीय’ या पोटभागात गेले असणार. त्यांच्या गोऱ्यापान रंगाशी कायद्याला काही देणंघेणं नव्हतं. आणि रंगाचाच हिशेब असता तर जपानी लोकांचं काय? साठच्या दशकात जपानशी लोखंडाचा मोठा व्यापार सुरू झाला, तेव्हा तिथं येणाऱ्या जपान्यांना गोऱ्यांच्या वस्तीत राहण्याची मोकळीक मिळाली. चिनी मात्र होते तिथंच राहिले.

सँड्रा लेंग या मुलीची हकिगत सार्वजनिक आहे, ती जरूर सांगा. आईवडील दोघंही गोरे, नॅशनल पक्षाला मत देणारे. मुलगी सावळी, कुरळ्या केसांची. १९६६ मध्ये, दहा वर्षांची असताना, तिची नोंद मिश्रवर्णी अशी बदलली आणि पोलीस तिला वसतिशाळेतून घरी सोडून आले. पुढच्या वर्षी कायद्यात आईवडिलांच्या वर्णाला महत्त्व देणारी दुरुस्ती झाली आणि ती पुन्हा कागदोपत्री गोरी झाली. मुलगी तीच, कातडी तीच. नववीच्या मुलांना ही एक गोष्ट जेवढं समजावते तेवढं माझ्या व्याख्यानांनी कधी समजावलं नाही.

हे सगळं १९४८ मध्ये एकाएकी उगवलं, असंही शिकवू नका. त्याआधी ब्रिटिशांच्या अमलात पाया घातला गेला होता, आणि तो घालायला एक आजार कामी आला. प्लेग म्हटलं की आपल्या मुलांना १८९७ चं पुणं, रँड आणि चापेकर आठवतात. १९०१ मध्ये प्लेग केप टाउनला पोहोचला. सल्ला द्यायला बोलावलेले डॉ. सिम्प्सन हे पूर्वी कलकत्त्याचे आरोग्य अधिकारी होते. सार्वजनिक आरोग्याच्या कायद्याचा आधार घेऊन शहरातल्या हजारो काळ्या लोकांना, त्यात डिस्ट्रिक्ट सिक्समधलेही, शहराबाहेर एनडाबेनी इथं हलवलं. साथ ओसरली, पण त्यांना परत येऊ दिलं नाही. १९०४ मध्ये जोहान्सबर्गच्या भारतीय मजुरांच्या वस्तीत प्लेग निघाला. गांधीजींनी रुग्णांची सेवा केली. नगरपालिकेनं वस्ती रिकामी करून जाळून टाकली आणि लोकांना मैलोगणती दूर क्लिपस्प्रुटला नेलं. आजचं सोवेटो त्याच भागात वाढलं. पुण्यातही घरं रिकामी केली गेली होती, माणसांचे हाल झाले होते, पण साथ गेल्यावर माणसं आपापल्या पेठेत परतली. हा फरक मुलांना दाखवा.

एक गोष्ट मला लिहायला जड जाते, पण आपण ती वगळत आलो आहोत. डरबनच्या टपाल कचेरीला दोन दारं होती. एक गोऱ्यांचं, दुसरं काळ्यांचं आणि आशियाई लोकांचं. नाताळ प्रांतातल्या भारतीयांच्या ‘नाताळ इंडियन काँग्रेस’ या संघटनेनं सरकारशी पत्रव्यवहार केला, आणि १८९५ च्या तिच्या अहवालात गांधीजींनी समाधानानं नोंद केली की आता तिन्ही समाजांना स्वतंत्र दारं मिळतील. भेदाचं दार काढून टाका, अशी मागणी त्यांनी केली नाही. आपल्यासाठी तिसरं दार मागितलं. मॅरित्झबर्गच्या फलाटावर १८९३ मध्ये उतरवलेला तरुण आपण दरवर्षी शिकवतो. दोनच वर्षांनंतरचा हा तरुणही तोच आहे. यानं गांधीजी लहान होत नाहीत. सरकारनं माणसांच्या रांगा लावायला सुरुवात केली की रांगेतला प्रत्येक जण मागच्यापेक्षा एक पाऊल पुढे कसा सरकू पाहतो, हे मुलांना समजतं. त्याच माणसानं पुढे किती मोठी मजल मारली, तेही मग जास्त चांगलं समजतं.

आपले गोपाळ कृष्ण गोखले १९१२ च्या ऑक्टोबरात केप टाउनला उतरले. सरकारनं त्यांच्या प्रवासाला रेल्वेचा खास सलून डबा दिला, गावोगावी मानपत्रं झाली, पंतप्रधान बोथा आणि मंत्री स्मट्स यांच्याशी भेट झाली. भारतीय मजुरांवरचा तीन पौंडांचा कर रद्द होईल, असा विश्वास घेऊन ते परतले. वर्ष उलटायच्या आत सरकारनं तसं वचन दिल्याचं नाकारलं, आणि १९१३ चा तो मोठा संप आणि मोर्चा झाला. एवढं आपण थोडंफार शिकवतो. मात्र त्याच १९१३ च्या जूनमध्ये दक्षिण आफ्रिकेच्या संसदेनं जमिनीचा कायदा केला आणि लोकसंख्येत सुमारे दोन तृतीयांश असलेल्या काळ्या लोकांसाठी देशाची जेमतेम सात टक्के जमीन राखून ठेवली, याचा उल्लेख आपण करत नाही. १९३६ मध्ये तो आकडा सुमारे तेरा टक्क्यांवर नेला, तिथंच तो थांबला. बाहेरची जमीन काळ्या माणसाला विकत वा खंडानं घेता येईना. या कायद्यानं आपल्या लोकांचं काय झालं ते सांगताना सॉल प्लाटजे या काळ्या लेखकानं शब्द वापरला ‘परिया’. तमिळ मुलखातल्या एका अस्पृश्य ठरवलेल्या जातीचं हे नाव इंग्रजीत गेलं आणि तिथून आफ्रिकेत पोहोचलं. आपल्या देशानं जगाला दिलेल्या शब्दांत हाही एक आहे.

आता बाक आणि डबे. आपण सगळे तेच आधी शिकवतो, कारण चित्र सोपं असतं. पण त्यामागची हकिगत फार बोलकी आहे. १९५२ च्या सविनय कायदेभंगात केप टाउनच्या रेल्वे स्थानकावर एक माणूस गोऱ्यांच्या प्रतीक्षालयात जाऊन बसला. खटला वरच्या कोर्टापर्यंत गेला. न्यायाधीश म्हणाले, सोयी वेगळ्या ठेवायच्या तर त्या साधारण समान असल्या पाहिजेत. सरकारनं काय करावं? सोयी समान केल्या नाहीत. १९५३ मध्ये नवा कायदा केला आणि त्यात लिहून टाकलं की वेगळ्या सोयी असमान आहेत एवढ्या कारणानं त्या बेकायदा ठरणार नाहीत. असमानतेची अशी लेखी तरतूद करायला किती थंड डोकं लागत असेल, मला कल्पना करवत नाही.

त्याच वर्षी बांटू (म्हणजे सरकारी भाषेत काळे) शिक्षण कायदा आला. यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण आपण शिक्षक आहोत. तो आणणारे हेन्ड्रिक व्हरवुर्ड हे पूर्वी स्टेलनबॉश विद्यापीठात प्राध्यापक होते, पुढे पंतप्रधान झाले. त्यांचं संसदेतलं म्हणणं थोडक्यात असं, की गोऱ्यांच्या समाजात काही ठराविक मजुरीच्या वर काळ्या माणसाला जागा नाही, मग ज्या गणिताचा त्याला वापर करता येणार नाही ते त्याच्या मुलाला शिकवायचं कशाला? तोवर काळी मुलं बहुतेक मिशनच्या शाळांतून शिकत. त्यांचं अनुदान बंद करत नेलं, शाळा सरकारच्या ताब्यात गेल्या किंवा मिटल्या, अभ्यासक्रम सरकारी खात्यातून येऊ लागला. १९७५-७६ मध्ये सरकार एका गोऱ्या मुलाच्या शिक्षणावर वर्षाला ६४४ रँड (हे तिथलं चलन) खर्च करत होतं, भारतीय मुलावर १८९, मिश्रवर्णी मुलावर १३९ आणि काळ्या मुलावर ४२. आकडे फळ्यावर लिहा आणि दुसरं काही बोलू नका. मुलं स्वतःच भागाकार करतील.

त्या वर्गांत आपल्यासारखीच माणसं खडू घेऊन उभी होती. काहींनी नोकरी सोडली, काहींच्या नोकऱ्या गेल्या. बहुतेकांनी घर चालवायला आखून दिलेलं शिकवलं. आपण काय केलं असतं, हा प्रश्न मी स्वतःला अनेकदा विचारला आहे. मग हुकूम आला की गणित आणि सामाजिक शास्त्रं आफ्रिकान्समधून शिकवायची. पुष्कळ शिक्षकांनाच ती भाषा धड येत नव्हती. १६ जून १९७६ रोजी सोवेटोतली हजारो मुलं शाळेच्या गणवेशात रस्त्यावर उतरली. पोलिसांनी गोळ्या झाडल्या. बारा वर्षांच्या हेक्टर पीटरसनला उचलून नेणाऱ्या मुलाचा आणि शेजारून धावणाऱ्या हेक्टरच्या बहिणीचा फोटो जगभर गेला. तुमच्या वर्गातली मुलं त्याच वयाची आहेत.

पासाचे कायदे, काळ्यांसाठी वेगळ्या काढलेल्या दहा ‘स्वदेशां’ची योजना, त्यातल्या चौघांना दिलेलं आणि जगातल्या दुसऱ्या कुठल्याही देशानं न मानलेलं स्वातंत्र्य, यांना वेळ मिळाला तर द्या. एक सांगाच, की सोळा वर्षांवरच्या काळ्या माणसाला आपल्याच देशातल्या शहरात कागदाशिवाय ७२ तासांपेक्षा जास्त राहायची मुभा नव्हती. ते पासाचं पुस्तक बायकांनाही लागू करायला निघाले, तेव्हा ९ ऑगस्ट १९५६ रोजी सुमारे वीस हजार स्त्रिया प्रिटोरियातल्या सरकारी कचेऱ्यांसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

आणि डिस्ट्रिक्ट सिक्स. १९५० च्याच समूह क्षेत्र कायद्यानं प्रत्येक शहराचा नकाशा वर्णांप्रमाणे वाटायचं ठरलं. राजपत्रात घोषणा व्हायची. त्यानंतर ‘अपात्र’ समूहाच्या माणसाला तिथं राहता येत नसे. घर विकायचं तर खरेदीचा पहिला हक्क सरकारी मंडळाचा, आणि मूल्यांकनही सरकारचंच. डिस्ट्रिक्ट सिक्सची घोषणा ११ फेब्रुवारी १९६६ ची. काळ्यांना १९०१ पासूनच काढायला सुरुवात झालेली, तरी वस्ती अठरापगड होती. मलाय, मिश्रवर्णी, ज्यू, भारतीय, आफ्रिकन, काही गोरेही. मशिदी आणि चर्च एका गल्लीचं अंतर राखून. ती सगळी ‘गोरी’ ठरली. १९६८ पासून घरं पाडायला सुरुवात झाली आणि १९८२ पर्यंत साठ हजारांहून जास्त माणसं हलवली गेली. बहुतेक जण केप फ्लॅट्सच्या रेताड माळावर गेले. भारतीयांसाठी रायलंड्स ही वस्ती नेमून दिलेली होती. शेजारी वेगवेगळ्या रकान्यांतले, म्हणून वेगवेगळ्या दिशांना गेले. प्रार्थनास्थळं तेवढी पाडली नाहीत, ती मोकळ्या मैदानात एकटी उभी राहिली.

माझी भाची नोकरीनिमित्त केप टाउनला होती, तेव्हा मी तिच्याकडे गेले होते. ब्यूटेनकांत रस्त्यावर एका जुन्या चर्चमध्ये डिस्ट्रिक्ट सिक्सचं संग्रहालय आहे. जमिनीवर वस्तीचा भलामोठा नकाशा अंथरला आहे, आणि तिथं राहून गेलेल्या लोकांनी आपापल्या घराच्या जागी हातानं नावं लिहिली आहेत. वर रस्त्यांच्या जुन्या पाट्या टांगलेल्या. पाडकामावरच्या एका माणसानं त्या फेकून न देता घरी जपून ठेवल्या होत्या. मी चपला हातात घेऊन त्या नकाशाच्या कडेकडेनं चालले. कुणी सांगितलं नव्हतं, पण पाय ठेवायला धीर होईना. नंतर बाहेर जाऊन ती जागा पाहिली. गोऱ्यांसाठी म्हणून रिकामी केलेली, आणि पुष्कळशी रिकामीच राहिलेली. नुसतं गवत.

तुम्ही हे शिकवाल तेव्हा वर्गातून एक प्रश्न येणारच. “बाई, आपल्याकडेही वाडे वेगळेच होते की.” तो टाळू नका, आणि ‘तो वेगळा विषय’ म्हणून गप्पही करू नका. तिथं जे संसदेच्या कायद्यानं झालं ते आपल्याकडे रूढीनं झालं, आणि कागद आपल्याकडेही होताच. मुंबई विधिमंडळानं १९२३ मध्ये बोले ठराव केला, सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले. महाडच्या नगरपालिकेनं त्यावर आपला ठराव केला. २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकरांच्या मागोमाग लोकांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, आणि त्याच वर्षी नगरपालिकेनं आपला ठराव मागे घेतला. तळ्यावरच्या हक्काच्या दाव्यात कोर्टाचा शेवटचा निकाल लागायला १९३७ उजाडलं. माझी शाळा तिथून फार लांब नव्हती. या दोन्ही गोष्टी एका वर्गात, एका फळ्यावर शिकवता येतात.

पुस्तकात या विषयाला जागा किती मिळेल ते तुमच्या हातात नाही, हे मला माहीत आहे. तासिका कमी, परीक्षा डोक्यावर. तरी वर्षातला एक तास काढा. १९५० च्या कायद्यातली ती व्याख्या, ६४४ आणि ४२ हे आकडे, आणि डिस्ट्रिक्ट सिक्सचा एखादा जुना फोटो, एवढ्या सामानावर तो तास उभा राहतो. कोकणातल्या शिक्षकांनी आधी मुलांना विचारावं, कुणाच्या घरचं केपला होतं का. हात वर होतील.

त्या मुलीचं लग्न होऊन ती कुठे गेली, मला ठाऊक नाही. तिची मुलगी किंवा मुलगा आता तुमच्यापैकी कुणाच्या तरी वर्गात बसायच्या वयाचा असेल. त्यानं उभं राहून तोच प्रश्न विचारला, तर रंगावरून, असं त्याला सांगू नका.

आपली,
एक निवृत्त इतिहास शिक्षिका